बोटाचा अंगठा होताना

दिवाळीच्या आगेमागे आमच्या बोरी गावात रांगड्या, म्हणजे खरीप आणि रब्बीच्या मधल्या, कांद्याची लागण सुरू होते आणि माझी चिडचिड वाढते. बायको म्हणते, तुम्ही बारा महिने चिडचिडेच, सुट्टीत घरी असता म्हणून आम्हाला कळतं एवढंच. असेलही. हायस्कुलात वीस वर्षं विज्ञान शिकवून माणसाचा स्वभाव फार गोड राहत नाही. पण या दिवसांत मला घरात बसवत नाही, हे खरं. सकाळी कुकडी नदीवरचं धुकं वर सरकत असतं, कुणाची तरी मोटार चालू झालेली असते, उपटलेल्या रोपाचा तो हिरवा, नाकात चढणारा वास रस्त्यापर्यंत येतो, आणि मी गाडी थांबवून कुणाच्याही वाफ्याकडं बघत उभा राहतो. "काय सर, काय हरवलं का?" असं बाया विचारतात. मी नुसती मान हलवतो.

मी त्यांचे अंगठे बघत असतो. कांद्याची लागण हे सगळं अंगठ्याचं काम आहे. वाफ्यात पाणी सोडून चिखल मऊ करायचा, डाव्या हातात रोपाची जुडी धरायची, उजव्या हातानं एकेक काडी सुटी करायची, मूळ चिखलाला टेकवायचं आणि अंगठ्यानं आत दाबायचं. टेकव, दाब, पुढं सरक. दिवसभर हेच. संध्याकाळी बायांच्या अंगठ्यांची कातडी पांढरी पडून सुरकुतलेली असते आणि नखातली माती संक्रांतीपर्यंत निघत नाही. पाटाचं पाणी, खत, हवा यांच्यावर गावात रोज चर्चा होते. अंगठ्याचं नाव कुणी काढत नाही. माझ्या घरात ती वेळ आली नसती, तर मीही काढलं नसतं.

माझी मुलगी वैशाली माघात जन्मली. नर्सनं तिला कापडात गुंडाळून माझ्या हातात दिलं आणि जाता जाता हळूच म्हणाली, "सर, उजवा हात बघून घ्या." बघितला. चार बोटं ठीक होती. अंगठ्याच्या जागी हरभऱ्याच्या घाट्याएवढा एक मऊ तुकडा होता, बारीक देठावर लोंबल्यासारखा. त्याला इवलंसं नखही होतं. हात हलला की तो नुसता डुलायचा. त्या क्षणी माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ग्रहणाची. शाळेत ही गोष्ट मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही.

त्याच्या तीन महिने आधी, ऐन दिवाळीत, सकाळच्या वेळी सूर्यग्रहण लागलं होतं. सुमनला, माझ्या बायकोला, तेव्हा सहावा महिना. आदल्या दिवशी रोप उपटून ओल्या गोणपाटाखाली ठेवलेलं, आणि ग्रहण म्हणून एकही बाई कामाला यायला तयार नाही. माझी आई म्हणाली, "गिरान हाये. पोटुशीनं गिरानात हात हलवू न्हाई. सुमीला घरात बसू दे." झालं, मला तेवढंच पुरलं. मी कंदील, लिंबू आणि सुपारी घेऊन ओट्यावर आईला ग्रहण समजावून सांगितलं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि लिंबू उचलून परत टोपलीत ठेवलं. मग मी सुमनकडं वळलो. म्हणालो, दोनच तर वाफे आहेत, जा तू, रोप सुकून जाईल. विज्ञान शिकवणाऱ्याची बायको ग्रहण पाळते असं कळलं तर मी पोरांना तोंड कसं दाखवू? तिनं पदर खोचला आणि रानात गेली. मी शाळेच्या मैदानावर जमलेल्या पोरांना पुठ्ठ्याच्या भोकातून भिंतीवर सूर्याची कोर दाखवत बसलो. दुपारी रानात जाऊन बघितलं तर लागण झाली होती, पण ओळी वाकड्या आणि रोपं खोल दाबलेली. "पेठेला माहेरी हेच शिकवलं का?" असं मी वर तिलाच म्हणालो. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

वैशू घरी आली तेव्हा आईनं तो हात उलटसुलट करून बघितला. "गिरानात आंगठ्यानं रोपं दाबली. आंगठाच गेला," एवढं एकदाच म्हणाली आणि पुन्हा कधी बोलली नाही. तिचं राहिलेलं बोलणं गावानं पुरं केलं. मी पारावर, एसटीत, लग्नाच्या मांडवात लोकांशी हमरीतुमरीवर यायचो. चंद्र मध्ये येतो, सावली पडते, त्याचा पोटातल्या लेकराशी काय संबंध? आवाज मोठा असायचा माझा. आत मात्र वेगळंच चाललं होतं. मला वाटायचं, माझ्या हट्टापायी पोरीचा हात गेला. शिकलेला, शिकवणारा माणूस मी. मनातून ती भीती काही केल्या निघेना. वर्गात ग्रहणाचा धडा आला की मी तो घाईघाईनं उरकायचो. सुमन गप्प असायची. तिच्या गप्प बसण्याचा अर्थ मी लावून टाकला होता, की ती मला दोष देते आहे आणि तोंडानं बोलत नाही.

आई त्या तुकड्याला रोज कोमट तेल चोळायची. "वाढंल, लेकरू हाय अजून." मी तिला हसायचो, आणि शाळेच्या प्रयोगशाळेतलं व्हर्नियर कॅलिपर दर महिन्याला पिशवीतून घरी आणायचो. वैशू झोपली की त्या तुकड्याची लांबी मोजायची आणि वहीत लिहायची. पुढं मी आलेख कागदावर त्याची रेघही काढली. रेघ वर जात होती. लेकरू वाढतं तसा तोही वाढत होता, यात नवल काही नव्हतं. पण माणसाला जे बघायचं असतं तेच तो बघतो. आई तेलात बघत होती, मी रेघेत. तेवढ्यासाठी मी दोन वर्षं तिला कुठल्या मोठ्या डॉक्टरकडं नेलं नाही. वाढतोय ना, मग थांबू, असं म्हणत राहिलो.

ती वही मध्यंतरी माळ्यावर सापडली. वैशू आता सातवीत आहे. तिनं तो आलेख उघडून बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "पप्पा, उभ्या अक्षावर एकक लिहिलं न्हाई तुमी. आमचा अर्धा मार्क कापता." मी म्हणालो, काप. तिनं खरंच लाल पेनानं अर्धा मार्क कापला आणि वही जागेवर ठेवून दिली.

वैशू अडीच वर्षांची झाल्यावर, दसऱ्यानंतर, सुमननं एक दिवस तिचे कपडे पिशवीत भरले आणि म्हणाली, "पुण्याला जायचंय. तुमी येनार असाल तर या." आमच्या गावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांकडून तिनं हाताच्या सर्जनचा पत्ता परस्पर आणला होता. मी रजा टाकली.

सर्जन म्हणजे एक बाई होत्या, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी आधी वैशूला हात लावलाच नाही. टेबलावर एक पेन्सिल ठेवली आणि बघत बसल्या. वैशूनं ती उचलली, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये, म्हातारे बिडी धरतात तशी. त्यांनी मग मणी ठेवला, कागद ठेवला. सगळं तसंच, दोन बोटांच्या फटीत. त्यानंतर हाताचा एक्स-रे, आणि हृदय, किडनी, रक्त यांच्याही तपासण्या सांगितल्या. अंगठा नसलेल्या मुलांत कधी कधी आतही काही राहून गेलेलं असतं, ते आधी बघावं लागतं म्हणाल्या. ते ऐकून आमचे जीव टांगणीला लागले. देवाच्या दयेनं नंतर आत सगळं ठीक निघालं. देवाच्या दयेनं असं मी लिहिलंय खरं. राहू दे.

मी माझी वही पुढं केली. बाईंनी ती हसण्यावारी नेली नाही. पान न पान बघितलं. मग एक्स-रे उजेडावर धरला आणि म्हणाल्या, "सर, हा वाढेल. पण हा कधीच काही धरणार नाही. हाताच्या हाडाशी याचा सांधा नाही, ओढणारे स्नायू नाहीत. हा काढायचा. आणि शेजारची तर्जनी आखूड करून, जरा फिरवून, अंगठ्याच्या जागी आणायची. तिच्या नसा आणि रक्तवाहिन्या तशाच ठेवून."

"म्हणजे पाचाची चार बोटं," मी म्हणालो.

"तिच्यासाठी आत्ताही चारच आहेत. पाचवं तुम्ही धरून बसला आहात. आणि तर्जनीला तिनं स्वतःच कामाला लावलंय, तुम्ही पाहिलंत ना? आपण फक्त जागा बदलतोय."

सुमन वैशूला घेऊन सोनोग्राफीला गेली तेवढ्यात मी खुर्ची पुढं ओढली. म्हणालो, बाई, एक विचारायचं आहे, हसू नका. ग्रहणात हिच्या आईनं अंगठ्यानं रोपं दाबली होती. मी पाठवलं होतं तिला.

त्या हसल्या नाहीत. "कितवा महिना होता तेव्हा?"

"सहावा."

"बाळाचा हात दुसरा महिना संपेपर्यंत घडून झालेला असतो. अंगठ्यासकट. ग्रहणाच्या चार महिने आधीच हा हात असा झालेला होता." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुम्ही विज्ञान शिकवता ना, सर?"

तोंडात मारल्यासारखं झालं. पण छातीवरचं ओझं उतरलं ते त्याच क्षणी, आणि मला त्या खोलीतून बाहेर जाऊन एकट्यानं थोडा वेळ भिंतीला टेकून उभं राहावं लागलं.

विचार करून कळवा, असं बाईंनी सांगितलं होतं. परतीच्या एसटीत वैशू सुमनच्या मांडीवर झोपली. चाकण गेलं, खेड गेलं. ऑपरेशनला हो म्हणायचं धाडस मला होत नव्हतं. एकदा माझ्या हट्टानं या पोरीचं नुकसान झालं असं तीन वर्षं मानत आलेला माणूस मी. आता तिचं चांगलं चालणारं बोट कापायला मीच सांगायचं, आणि तेही लागलं नाही तर? ना अंगठा, ना बोट. शेवटी मी सुमनला सगळं सांगून टाकलं. ग्रहणाचं, बाईंना काय विचारलं ते, आणि इतकी वर्षं मनात काय धरून होतो तेही.

ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "तुमाला येक सांगू? रागवायचं न्हाई. मी त्या दिवशी रोपांना हातच लावला नव्हता."

मी विचारलं, लागण कुणी केली?

"आपल्या शेजारच्या रानात खतासाठी धनगरांची मेंढरं बसवली व्हती. त्यांच्यातली ठकूबाई बांधावर आली. म्हनली, तू पोटुशी, तू बस, मी लावते. मी म्हनलं, आवं गिरान हाये. तर म्हनली, आमची मेंढरं थांबत्यात व्हय गिरानासाठी? मी दोन्ही हात मांडीवर ठिवून बसले, सुटंस्तवर बोट हलवलं न्हाई. तिला कांद्याची सवय न्हाई, म्हनून ओळी वाकड्या आल्या."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुमी शाळेत तोंड कसं दाखवनार व्हता?" ती माझ्याकडं न बघता म्हणाली. "आन् आत्याबाईंना सांगितलं असतं, तर म्हनल्या असत्या, नीट पाळलं नसशील. वैशू झाली तवाच मला कळलं, गिरानाचा काय बी संबंध न्हाई. मी सगळं पाळलं व्हतं. तुमी पुस्तकात वाचलं, मला असं कळलं."

मला आधी राग आला, लई राग आला. तीन वर्षं मी आतून कुरतडला जात होतो आणि ही सगळं माहीत असून गप्प. मग ध्यानात आलं, मी तरी तिला कुठं बोललो होतो? दोघांनी एका घरात राहून, एका ताटलीतलं भरवत, एकमेकांच्या गप्प बसण्याचे आपापले अर्थ लावले. मी तोंडावर रुमाल धरून रडलो. पुढच्या सीटवरच्या पाहुण्यांनी वळून बघितलं आणि पुन्हा नीट बसले. पेठ आलं, तिचं माहेर. आम्ही उतरलो नाही. अवसरीचा घाट उतरताना सुमन म्हणाली, "सही मी करते. तुमाला भ्या वाटत असंल तर तुमी नुसतं संगं चला."

सह्या दोघांनी केल्या.

त्या सुट्टीत दिवाळी दवाखान्यात झाली. ऑपरेशनला किती तास लागले ते मला आठवत नाही. आठवतो तो बाहेरचा बाक आणि सुमनची मिटलेली मूठ. बाई बाहेर आल्या, मास्क खाली केला आणि म्हणाल्या, "रंग छान आहे." बोटाचा रंग. रक्त नीट जातंय एवढाच त्याचा अर्थ, पण रंग छान आहे हे शब्द मी नंतर किती तरी दिवस मनात घोळवत होतो.

कोपराच्या वरपर्यंत पांढरं प्लॅस्टर घालून वैशू गावात आली. आईनं ओवाळलं, प्लॅस्टरच्या तोंडातून दिसणारी टोकं मोजली आणि म्हणाली, "पाच नेली, चार आणली." मी तोंड उघडणार तेवढ्यात सुमननं माझ्याकडं बघितलं. मी उघडलं नाही. आईनंच पुढं वैशूला पाच आठवडे कडेवरून खाली ठेवलं नाही. पोरीचं प्लॅस्टर भिजेल म्हणून तिनं लागणीत वाफ्यावर जायचंही सोडलं. घरोघरच्या बाया बघायला यायच्या, "आता ह्यो आंगठा का बोट म्हनायचं?" असं विचारायच्या.

प्लॅस्टर कापलं तेव्हा आतून जे निघालं ते ओळखीचं वाटेना. जरा लांबट, बारीक, सुजलेलं, मुळाशी टाक्यांची लाल वाकडी रेघ. पण ते इतर बोटांच्या रांगेत नव्हतं. बाजूला, जरा खाली, बोटांकडं तोंड करून उभं होतं. अंगठ्यासारखं. फिजिओथेरपीच्या ताईंनी सांगितलं, कणीक द्या, मणी द्या, सोलायला वाटाणे द्या, खेळातून करून घ्या. तिच्या मेंदूला अजून हे बोटच वाटतंय. वेळ लागेल.

आणि वैशू त्याला हातच लावू देईना. तिनं नवीन युक्ती काढली. मधलं बोट आणि अनामिका यांच्या फटीत धरायला लागली, पुन्हा बिडीसारखं. नवा अंगठा बाजूला नुसता उभा. आठवडा गेला, दोन गेले. खेळातून करून घ्या हे मी ऐकलं होतं, पण मला परीक्षाच घेता येते. ताटलीत हरभरे मांडायचे, समोर बसायचं, "वैशू, आंगठ्यानं. आंगठ्यानं, बाळा." ती डाव्या हातानं पटकन हरभरा उचलून तोंडात टाकायची. मला वाटायला लागलं, संपलं. चांगलं होतं ते बोटही आपण घालवलं. आई आतून तेलाची वाटी घेऊन यायची आणि माझं तोंड बघून परत जायची.

पौषातली सकाळ होती. गावात उन्हाळी कांद्याची लागण चालली होती आणि ओट्यावर ऊन आलं होतं. मी वैशूचा डावा हात रुमालानं तिच्या फ्रॉकच्या पट्ट्याला बांधला आणि समोर शेंगदाणे ठेवले. म्हणालो, आता उचल, अंगठ्यानं. तिनं हिसके दिले, मग भोकाड पसरलं. सुमन चुलीपुढून म्हणाली, "आहो, सोडा तिला. पोर हाये ती, तुमच्या वर्गातली न्हाई." मी म्हणालो, पाच मिनिटं थांब. वैशूनं रडायचं थांबवून माझ्याकडं बघितलं. मग ती पुढं आली, मोकळ्या उजव्या हातानं माझ्या दंडाची कातडी धरली आणि दात खाऊन पिळली.

कळ थेट डोक्यात गेली. हात झटकणार होतो, पण नजर खाली गेली आणि मी तसाच थांबलो. कातडीच्या एका बाजूला तिचं मधलं बोट होतं. दुसऱ्या बाजूला तो होता, वाकलेला, जोरानं टोकाशी पांढरा पडलेला.

सुमन पिठाच्या हातानं धावत आली. मी तिला दंडावरचा लाल वळ दाखवला, वैशूचा रुमाल सोडला, आणि दुसऱ्या हाताची बाही वर सारून दंड पोरीपुढं धरला. म्हणालो, "आणखी एक चिमटा काढ."